एकशे बारा नंबर अन् एक हेला

…अन् आभाळ तरी कसं आलं होतं, तुमाले सांगतो! दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले, सकाळी तोंडातून वाफ निघाची ती वेळ, अन् वर पाहावं तर तव्याच्या बुडावानी काळं! वारा पूर्वेकडून, ओला, बंडी अंगाले चिकटवणारा. नवेगावच्या बाजूनं एक ढग असा ठाण मांडून बसला होता, जसा लग्नात रुसलेला जवाई… ना उठते, ना जेवते, ना काही बोलते. नुसता बसून आहे. अन् अशा आभाळाखाली माहं धान कुठं? बांधीत! कापलेलं! आडवं!

तुमी म्हणान, कापलं तर उचलाचं ना. आता ज्याले माहीत नाही त्याले सांगतो. धान कापलं का लगेच उचलत नाही बाप्पा. तसंच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, पसरून ठेवते, चार दिवस ऊन खाऊ देते. त्याले आमी कडपा म्हणतो. कडपा वाळला का भारे बांधाचे, अन् भारे एकावर एक रचून पुंजना कराचा, देवळाच्या कळसावानी. पुंजना झाला का मंग पडू दे पाणी, मी गोधडीत झोपतो. पण कडप्यावर पाणी पडलं तर? दाणा तिथंच फुगते, तिथंच अंकुरते. सालभराचं जेवण बांधीत कोंब काढून तुमच्याकडं पाहून हासते!

तर मले फक्त एक फोन कराचा होता. एक! अनुसयाबाईले. तिची बारा बायांची टोली आहे, बाजूच्या गावची. एका दिवसात पाच बांध्यांचे भारे बांधून, रचून मोकळी. पण असं आभाळ आल्यावर तिले एकटा मीच फोन करीन का? अख्खा तालुका करीन! जो सांजेच्या आत बोलला, उद्याचा दिवस त्याचा. म्हणून सकाळी उठलो, म्हशीले पाणी दाखवलं, म्हणलं आता फोन करू. वाकलो… अन् बंडीच्या खिशातून फोन सटकला, सरळ टाक्यात! म्हैस पाणी पिऊन राहिली, फोन तिच्या तोंडाखाली, अन् तिनं मान वर करून माह्याकडं असं पाह्यलं, का जी, आता हे पण प्याचं का?

काढला. पुसला. तांदळाच्या डब्ब्यात ठेवला, लोक म्हणते म्हणून. लागला तर खरा, उजेड आला, पण बोट लावलं तर ऐकाचं नाव नाही! बहिऱ्यावानी. माही घरवाली रुख्मा चुलीपासून म्हणे, "दिवाळीले उमेंद्रनं धाडला तो नवा फोन डब्ब्यात कायले ठेवला? त्याची पूजा कराची आहे का?"

उमेंद्र माहा पोरगा, हैदराबादले असते. त्यानं धाडला होता खरा. पण जुना चालत असताना नवा कायले काढाचा? मले सांगा, चप्पल तुटल्याबिगर कोणी नवी घालते का?

निघालो. दोन्ही फोन थैलीत घेऊन बसनं सडक अर्जुनीले. तिथं भूपेंद्रचं मोबाइलचं दुकान आहे, हायवेच्या कडेले. पोरगा चांगला, पण एका वेळी चार लोकांशी बोलते. एकाले हिंदीत, एकाले मराठीत, एक कानाशी लावलेल्या फोनात, अन् चौथा मी. म्हणे, "टेंशन नहीं लेने का बाबाजी. बैकअप घेऊन घेतो."

म्हणलं, "ते का राहते?"

"जुन्यातलं सर्व काढाचं, सांभाळून ठेवाचं, अन् नव्यात टाकाचं."

म्हणलं, "बिजाईवानी? धानातलं चांगलं धान काढून ढोलीत ठेवतो, अन् पुढच्या साली पेरतो, तसं?"

तो म्हणे, "हां… वैसाच समझो."

मंग मले बरं वाटलं. बिजाई ठेवणं तर आमाले जन्मापासून येते! बसलो बाकड्यावर. त्यानं जुन्या फोनले दुसरी काच तात्पुरती लावली, इथली वायर तिथं घातली, हे काढलं, ते घातलं, अन् एक हिरवी रेघ सरकाले लागली. हळू. माह्यापेक्षाही हळू, तुमाले सांगतो! तिकडं आभाळ काळं होऊन राहिलं, हायवेवरचे ट्रक दिवसा दिवे लावून जाऊन राहिले, अन् मी त्या रेघेकडं पाहून राहिलो. मी काही घाई करणारा माणूस नाही. माह्या लग्नात पण मीच सर्वांत शेवटी मांडवात आलो होतो. पण त्या दिवशी दर दोन मिनिटांनी उठून दारातून आभाळ पाहून येत होतो!

शेवटी भूपेंद्रनं फोन माह्या हातात देला अन् म्हणे, "घ्या! एकशे बारा नंबर, साडेसहाशे फोटो. सर्व आलं बाबाजी, काहीच गेलं नाही!"

सर्व आलं, काहीच गेलं नाही! काय गोड शब्द, नाही का? म्हणलं, देव तुह्यं भलं करो. आलो बस पकडून. गाडीत फोन खिशातून काढला नाही, का पुन्हा सटकीन. घरी आलो, हात धुतले, चष्मा लावला, ओसरीवर बसलो, फोन उघडला…

अन् पाहतो तर का?

नुसते गोल! लाल गोल, हिरवा गोल, निळा गोल, अन् दर गोलात एक अक्षर. त्याच्या बाजूले आणखी अक्षरं. खाली सरकवलं, आणखी गोल. वर सरकवलं, तेच गोल. माहा इळा कुठं? माही म्हैस कुठं? फेटा कुठं?

थांबा, हे सांगाले पाहिजे. मले अक्षर येत नाही. शाळा आमच्या वेळी होती, पण आमच्या वेळी गुरंही होती, अन् गुरांमागं कोणी जावं? बकाराम जावं! बकाराम म्हणजे मीच. त्याचं मले वाईट वाटत नाही, गुरांनी मले कधी छडी मारली नाही. पण फोनाचं कसं कराचं? तर माही नात आचल, ती नागपूरले नर्सिंग शिकते, तिनं मागच्या उन्हाळ्यात युक्ती काढली. म्हणे, "आबा, तुमाले नाव वाचता येत नाही ना, मंग आपण फोटो लावू. फोटो पाहाचा अन् बोट दाबाचं." अन् दोघंही बसलो. ती विचारे, मी सांगो. अनुसयाबाईचा काय? इळा. दारावर लटकलेला आमचा धान कापाचा इळा, त्याचाच फोटो. गुरांच्या डॉक्टरचा काय? आमची म्हैस… मागून, कारण डॉक्टरचं काम तिकडूनच राहते. भैय्यालालचा काय? त्याचा लाल ट्रॅक्टर, एक दिवा फुटलेला. व्याह्याचा फेटा. आचलचा तिच्या दोन वेण्यांचा, पाचवीतला. असे एकतीस फोटो लावले. बाकीचे नंबर माह्या कामाचे नव्हते, ते आले कुठून तेही माहीत नाही. अन् तुमाले सांगतो, त्या दिवसापासून मी कोणापेक्षा कमी नव्हतो! शिकलेला माणूस नाव वाचे तोपर्यंत माहा फोन लागून तिकडून "हॅलो" येऊन जाये!

अन् आता? फोटो पाहाच्या डब्ब्यात गेलो, तर सर्व फोटो तिथं! इळा आहे. म्हैस आहे. ट्रॅक्टर आहे. आचलनं त्या एकतीस फोटोंची वेगळी पेटी केली होती, ती तशीच्या तशी आहे. अन् इकडं नंबरही सर्व आहेत, एकशे बारा, भूपेंद्र खोटं बोलला नाही. पण इळ्याचा नंबर कोणता? नंबरचा इळा कोणता? नवरा-नवरी दोघंही सुखरूप आणले बाप्पा, पण गाठ सोडून आणली!

मागाहून समजलं, का त्यानं नंबर सिमात भरून आणले, अन् सिमात फोटो मावत नाही. त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या हिशोबानं नाव म्हणजे नाव. माह्या हिशोबानं नाव म्हणजे इळा. सर्व आलं बाबाजी, काहीच गेलं नाही!

रुख्मा म्हणे, "मंग परत जा ना जी." कसं जाऊ? बस गेलेली. भूपेंद्रले फोन करू? त्याचा नंबर त्या गोलातच! आचलले करू? तीही गोलातच! रुख्माच्या फोनातून करू? तिच्या फोनात एकच नंबर आहे, माहा! बाकी साऱ्या दुनियेशी ती माह्याच फोनातून बोलते. बाहेर निघून कोणाले वाचाले लावावं, तर गावात कुत्रं नाही. सर्व बांधीत! आभाळ पाहून पोरंसोरं, म्हातारे, पांगळे, सर्व भारे बांधाले गेलेले.

मंग आठवलं, भूपेंद्र बोलला होता, का नव्या फोनाशी बोलता येते. ते माइकचं चित्र दाबाचं अन् सांगाचं. दाबलं. म्हणलं, "अनुसयाबाईले फोन लावून दे बावा."

तिकडून एक बाई बोलली. इतकं शुद्ध, इतकं शुद्ध, का मी चष्मा सरळ केला. "माफ करा, मला ते समजलं नाही."

म्हणलं, "बाई, माफी कायले मागता? अनुसयाबाई. भारेवाली."

"माफ करा, मला ते समजलं नाही."

रुख्मा चुलीपासून ओरडली, "कोण बाई आहे ती?" म्हणलं, "माहीत नाही, पुण्याकडची दिसते." "तिचा फोटो कोणता लावला होता?" 

शेवटी म्हणलं, अंदाजानं लावू. एकशे बारात एक तर लागीन! आता माही अक्कल पाहा. म्हणलं, सर्वांत वर जे असतील ते मोठे लोक असतील… तलाठी, पोलीस पाटील, बँकेचे साहेब. त्याहिले उगाच कायले तरास? वर बसणारे लोक वरच राहते. आपण मधात जाऊ. अनुसयाबाई आपल्यातली, ती मधातच कुठंतरी बसली असंन. मधातला एक हिरवा गोल दाबला.

"बोला बकारामजी! म्हैस का म्हणते?"

गुरांचे डॉक्टर! म्हणलं, "चांगली आहे जी साहेब." "मंग फोन कायले केला?" "ती चांगली आहे, हेच सांगाले."  मंग म्हणे, "तीस वर्षांत पहिला माणूस भेटला जी, चांगल्या म्हशीसाठी फोन करणारा."

दुसरा गोल दाबला. घरातच घंटी वाजाले लागली! रुख्मा पदराले हात पुसत धावली, फोन उचलला, "हॅलो? कोण?" म्हणलं, "मीच आहो." ती ओसरीच्या दारात उभी राहून, माह्याकडं पाहत, फोन कानाले लावून, "बोला, कुठं आहा जी?"

तिसरा दाबला. अन् तिथं फसलो.

"रामराम, रामराम, रामराम! आज कसा काय सूर्य पश्चिमेले निघाला जी?"

व्याही! केशोराव! उमेंद्रचा सासरा! आता मले सांगा, व्याह्याले असं म्हणता येते का, का चुकून लागला? त्याहिचा अपमान! सात पिढ्या बोलून दाखवतीन! म्हणलं, "रामराम जी. सहजच आठवण आली."

"सहज? व्याही कधी सहज आठवण करते का? काहीतरी असंनच. बरं, तिकडं पाण्यापावसाचं कसं? धान निघालं का? विहीणबाईचे गुडघे कसे? गाय व्याली का? तिकडं खर्रा महाग झाला का?…" अन् त्याहिचं संपेना, अन् मले मधात बोलता येईना, अन् माहे डोळे आभाळाकडं! तो जवाई ढग आता उठला होता. उठून आमच्या गावाकडं चालून राहिला होता! मी नुसतं "हो जी, हो जी" करून राहिलो. शेवटी केशोराव म्हणे, "ठीक आहे, तुमी इतकं म्हणून राहिले तर येतो जी उद्या जेवाले!"

आता मी कधी म्हणलं? त्या पन्नास "हो जी"त एखादा "हो जी" चुकीच्या जागी पडला असंन! फोन ठेवला. रुख्माले सांगितलं. ती नुसती कोंबडीकडं पाहाले लागली, हिशोब करत, का हिले उद्या वाचवता येईन का नाही.

मंग ती म्हणे, "टिकारामले आवाज द्या."

म्हणलं, "नाही."

"देता का मी देऊ?"

टिकाराम म्हणजे आमचा शेजारी. मधात फक्त काट्यांची कुपाटी. तीस वर्षं गावात डाक वाटली त्यानं, मागच्या साली रिटायर झाला. इंग्रजी, मराठी, हिंदी, कसाही किडामुंगीवानी पत्ता असो, वाचून बरोबर दारात पत्र टाकणारा माणूस. अन् त्याचं धान दोन दिवसांआधीच रचून झालेलं, म्हणून अख्ख्या गावात तो एकटाच घरी, खाटेवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिलेला. मले दिसून राहिला होता सकाळपासून. पण आमी दोघं बोलत नव्हतो. दोन साल झाले.

कारण? हेला! त्याचा नांगराचा हेला होता, म्हणजे रेडा. नाव भुऱ्या. हेला कसला, काळा पहाड! दोन सालाआधी आषाढात तो दावं तोडून माह्या पऱ्ह्यात घुसला. रोवणीसाठी टाकलेलं धानाचं रोप, वीतभर आलेलं, हिरवंगार, अन् हा मधात उभा राहून खाऊन राहिला. मी टिकारामले म्हणलं, बांधत जा. तो म्हणे, कुपाटी करत जा. मी म्हणलं, हेला तुहा. तो म्हणे, पऱ्हे तुमचे. झालं! मले भांडता येत नाही, तुमाले सांगतो, माहा आवाजच चढत नाही. म्हणून मी का केलं? सबूत म्हणून हेल्याचा फोटो काढला. उभा आहे पऱ्ह्यात, तोंडात गवताच्या पेंडीवानी माहे पऱ्हे, अन् डोळे असे, जसा सरकारी पाहणीले आला. अन् उन्हाळ्यात आचलनं विचारलं, आबा, टिकारामकाकाचा काय लावू? तर मी म्हणलं…

हो. तेच म्हणलं.

आता तो हेला मेला. यंदा पावसाळ्यात, काही पोट फुगून. कुपाटीपलीकडून टिकारामच्या बायकोच्या रडण्याचा आवाज आला होता. मी उठलो होतो जाले. चप्पल घातली. मंग पुन्हा काढली. जाऊन का म्हणावं, हेच सुधरलं नाही. अन् एकदा गेलो नाही, तर मंग दर दिवशी जाणं आणखी जड होत गेलं.

अशा माणसाले आवाज द्याचा? अन् त्याच्या हाती तो फोन द्याचा, ज्याच्यात तो फोटो? पण वरून एक थेंब पडला. माह्या नाकावर! मोठा, थंडगार. म्हणलं बकाराम, आता नाक पाहू का धान पाहू?

कुपाटीजवळ गेलो. "टिकाराम!"

दोन सालात पहिला शब्द. तो खर्रा घोटाचा थांबला. माह्याकडं पाह्यलं, आभाळाकडं पाह्यलं, पुन्हा माह्याकडं. तोंडात खर्रा असल्यानं तोंड वर करून म्हणे, "कडपाच आहे ना अजून?"

"हो."

"आणा फोन."

तुमाले सांगतो, त्यानं विचारलंही नाही कायले! अख्खं घर ऐकून राहिलं होतं त्याहिचं, माहं त्या पुण्याच्या बाईशी बोलणं, म्हैस, व्याही, सर्व! कुपाटी काट्यांची आहे, भिंत थोडीच आहे. फोन घेतला, वरून पाह्यलं, अन् लगेच म्हणे, "ही का अनुसया. वरून दुसरी."

वरून दुसरी! पहिली आचल, दुसरी अनुसया! इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं ती वरच बसली होती बाप्पा, तलाठ्याच्याही वर, पोलीस पाटलाच्याही वर! अन् मी मोठ्या लोकांले तरास नको म्हणून… जाऊ द्या.

लागला फोन. "बकारामभाऊ? जिवंत आहा का? सकाळून चार डाव फोन लावला, तुमचा बंद! चार लोक मागं लागले उद्यासाठी, मी म्हणलं पाच वाजेपर्यंत थांबते, दर साली ते पहिले बोलते, यंदा काऊन नाही बोलले? आता पाचच वाजून राहिले, टोलीतल्या बाया मले शिव्या देऊन राहिल्या!"

म्हणलं, "ये बाई. सकाळी सहाले ये."

"येते. चहा गोड ठेवजा."

रात्रभर पाऊस थांबून राहिला. कसा थांबला, देवाले ठाऊक. सकाळी सहाले बारा बाया ऑटोत, इळे घेऊन, एकमेकींले ओरडत. भारे बांधाले सुरुवात. अन् सातच्या सुमारास पाहतो तर कोण? टिकाराम. खांद्यावर दुपट्टा, तोंडात खर्रा. म्हणे, "पुंजन्याचं टोक तुमच्यानं होत नाही, मले माहीत आहे. दर साली वाकडं करता." अन् चढला वर! मी भारा फेको, तो झेलून रचे.  दुपारी बाराले टोक बसलं, सरळ, देवळाच्या कळसावानी. बाया चहा पिऊन गेल्या. अन् दोनले, तुमाले सांगतो, असं पाणी आलं, असं पाणी आलं, का समोरचं घर दिसेना!

अन् त्या पाण्यातून छत्री उलटी झालेले केशोराव. व्याही! जेवाले! कोंबडीचा निकाल सकाळीच लागला होता.

मंग माहं अन् टिकारामचं जेवण झालं, व्याह्याचं चालूच होतं. ओसरीवर आमी तिघं, मी, व्याही, टिकाराम. पाणी पडून राहिलं, जाता येत नाही कोणाले. टिकाराम म्हणे, "आणा तो फोन. फोटो लावून देतो. नाहीतर उद्या पुन्हा डॉक्टरले म्हशीची खुशाली सांगान."

मी म्हणलं, "राहू दे, आचल आल्यावर…"

पण केशोराव म्हणे, "लावा जी, लावा! आमचा कोणता आहे ते तरी पाहू!"

आता का करू? बसलो. टिकाराम नाव वाचे, मी फोटो सांगो, तो बोटानं बसवे. अनुसया… इळा. भैय्यालाल… ट्रॅक्टर. डॉक्टर… म्हैस. केशोराव… फेटा, अन् केशोराव अशा खुशीत आले, का आणखी दोन पोळ्या मागवल्या. अन् अक्षरं टिकारामच्या नावाशी आली का मी म्हणो, "ते राहू दे, पुढचं वाच." तो पुढचं वाचे. एक, दोन, दहा, वीस… पाणी पडून राहिलं, अन् त्या पेटीतले फोटो कमी होत राहिले, कमी होत राहिले, जसे टोपल्यातले वांगे संपते, अन् बुडाशी किडकं तेवढं राहते. माह्या अंगाले त्या थंडीत घाम! फोन टाक्यात पडला तेव्हाच सारं पाण्यात विरून गेलं असतं तर किती बरं झालं असतं! पण नाही! सर्व आलं बाबाजी, काहीच गेलं नाही!

तीस झाले. उरलं एक नाव. उरला एक फोटो.

अन् केशोराव पोळीचा घास तोंडात धरून, मान लांब करून, साऱ्या ओसरीले ऐकू जाईन असं म्हणे, "मंग हा हेला कोणाचा जी?"

 नुसतं पाणी. आतून रुख्माच्या भांड्यांचा आवाज होता, तोही थांबला. मी माह्या पायाच्या अंगठ्याकडं पाहून राहिलो. म्हणलं, आता हा उठते, अन् पुंजन्याचं टोक जाऊन पाडते.

टिकारामनं फोन डोळ्यांजवळ नेला. पाहत राहिला. लय वेळ. बोटानं फोटो मोठा केला, हेल्याचं तोंड, तोंडातले पऱ्हे, कपाळावरचा तो पांढरा ठिपका. मंग खर्रा थुकाले ओसरीच्या कडेले गेला, थुकला, तिथंच पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. माघारी आला. म्हणे, "भुऱ्या कसा भरून खाऊन राहिला पाहा… याचा एकही फोटो नव्हता जी माह्याजवळ."

अन् बसला, अन् स्वतःच्या नावावर स्वतःच बोट ठेवलं, हेला बसवला, फोन दुपट्ट्यानं पुसला, माह्या हातात देला, अन् म्हणे, "घ्या भाऊ. सर्व आलं, काहीच गेलं नाही… एक शिंग तेवढं गोलात मावलं नाही, ते माह्या फोनात धाडून द्या."